कान आणि खांद्याचं भांडण

"कानाचं आन् खांद्याचं भांडण हाय. जवळ आणू नको."

हे तिचं वाक्य. दिवसातून किती वेळा म्हणायची त्याला गणती नाही. म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं तुमच्या खांद्यावर टेकवायची. दाबायची नाही, नुसती टेकवायची. तुमचा खांदा कानाकडं सरकला की तिची बोटंही वर सरकायची, आणि मग ती तुमच्याकडं अशी बघायची की चोरी करताना सापडल्यासारखं व्हायचं.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. शहराच्या छावणी भागात माझी खानावळ आहे आणि तिथं जेवणारा प्रत्येक माणूस माझं तोंड ओळखून आहे. आमटीला नाव ठेवलं तर मी पुढ्यातली वाटी उचलून नेते. हे सांगतानासुद्धा मी रागातच आहे. पण तुम्ही तरी तिला नीट बघावं असं मला वाटतं, कारण आम्ही बघितलं नाही. रोज समोर होती तरी नाही बघितलं.

शहराचं नाव बदलायच्या आधीची गोष्ट. पाट्यांवर तेव्हा औरंगाबादच होतं. वीस-बावीस वर्षं दोन्ही वेळेला ज्वारीच्या भाकरी थापून माझ्या उजव्या खांद्यानं एक दिवस हात टेकले. आधी वेणी घालता येईना. मग वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. मग परातीत पीठ मळताना अशी कळ यायची की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. भाकरी थापायला एक बाई ठेवली, तर चार दिवसांत गिऱ्हाईक म्हणायला लागलं, "मावशी, भाकरी पहिल्यासारखी राहिली नाही." माझ्या खानावळीत दुसरं आहे काय? ना खुर्च्या धड, ना पंखा धड. भाकरीसाठी लोक येतात. हात गेला तर खानावळ गेली, इतकं सरळ होतं ते.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनचं नाव काढू नका. खांद्याच्या आतले बारके स्नायू दुबळे झालेत, त्यांना व्यायाम द्या. पण नीट दाखवणारं कुणीतरी बघा. चुकीचा केलात तर आहे तेही जाईल."

माझी सून शेंद्र्याला कंपनीत जाते. तिनं शोध लावला की आमच्याच मागच्या गल्लीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर जी जिम आहे, तिथं दुपारी चारला फक्त बायकांची बॅच असते. मी म्हटलं, या वयात मी काय तालमीत जाऊ? सून म्हणाली, "आई, जाऊन तर बघा. नाहीतर रोज माझ्याकडून वेणी घालून घ्या." तेवढं मला पुरलं. दुसऱ्या दिवशी गेले.

खालून टोस्टचा वास आणि वर घामाचा. एक तिशीची, सुकट अंगाची, काळीसावळी बाई हातात फडकं घेऊन मशीन पुसत होती. सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. मी विचारलं, "मॅडम कुठं आहेत?"

"मीच."

"शिकवणाऱ्या मॅडम गं."

"मीच म्हनलं की." फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "कोणता हात?"

म्हणजे मी काही सांगायच्या आधीच तिनं ओळखलं होतं की हाताचं काहीतरी आहे. नंतर कळलं, जिना चढताना मी कठडा डाव्या हातानं धरला होता तो तिनं बघितला होता.

ते केबलचं मशीन तुम्ही पाहिलं असेल. उंच लोखंडी चौकट, चाकावरून जाणारी जाड तार, तारेच्या एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला लोखंडी प्लेटांची चळत. ज्या प्लेटेत पिन खुपसाल तेवढं वजन उचललं जातं. तिनं पिन काढून अगदी वरच्या पहिल्या प्लेटेत घातली. तार माझ्या कोपराच्या उंचीला आणली. मला मशीनला आडवं उभं केलं. टॉवेलची सुरळी करून माझं कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये खोचली.

"कोपर हितून हलायचं नाय. टॉवेल पडला की बाद. आता मूठ धर आन् हात भाईर ने, दार उघडल्यावानी. वडायचं नाय. न्यायचं."

मी ती पहिली प्लेट बघून म्हटलं, "एवढंच वजन? बाई, मी ज्वारीचं पोतं एकटी ओढून आत घेते."

"म्हून तर हात गेला," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हात बाहेर न्यायला लागले आणि त्या एवढ्याशा वजनानं माझा हात थरथरायला लागला. खांदा आपोआप वर गेला. दोन बोटं टेकली. "कानाचं आन् खांद्याचं भांडण हाय." मी खांदा खाली सोडला. हात परत आणताना सुटला आणि वरची प्लेट खालच्यावर खणकन आपटली.

"प्लेट वाजली. पहिल्यापासून."

तिथं नियमच तसा होता. बाहेर न्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट परत आणायला, आणि प्लेट खाली टेकताना आवाज नाही. मोजायचं काम तिचं. चुकलेलं ती मोजायचीच नाही. तिचे दहा व्हायला माझे तीस लागायचे, आणि मी "अगं झाले की दहा" म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, "चार झालं."

एक गंमत सांगते. मशीनबाहेर ती मला मावशी म्हणायची, तुमी म्हणायची. हातात मूठ आली की मावशीही गेली आणि तुमीही गेलं. "खांदा सोड. श्वास कुठं गेला तुजा? मान कशापायी ताठ केली?" मला पन्नाशीत असं कुणी बोललं नव्हतं. पहिल्या आठवड्यात दोनदा ठरवलं की उद्यापासून येणार नाही. दोन्ही वेळा चारच्या ठोक्याला जिना चढत होते.

तिचा राग माझ्यापेक्षा वेगळा होता. मी भडकते आणि विसरते. ती भडकायची नाही, पण चूक सहन करायची नाही. एका साहेबांची बायको यायची. एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात फोन. हिनं तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा पुढं होऊन तिच्या हातातली मूठ काढून घेतली, हळूच जागेवर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "बाई, बोलून या. मशीन कुठं पळत नाय." साहेबांच्या बायकोनं जिमच्या मालकाकडं तक्रार केली. मालकानं हिला खाली बोलावून झापलं. दुसऱ्या दिवशी तीच बाई फोन पिशवीत टाकून मशीनपाशी आली, आणि आम्ही सगळ्या आरशात बघून हसलो. ही मात्र हसली नाही. टॉवेलची सुरळी करत होती.

तिला हे सगळं कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. करमाडच्या पुढं तिची वाडी. घरची मेंढरं. म्हणाली, "कोकराला पुढच्या पायाला धरून उचललं की त्याचा खांदा निखळतो. माणसं घाईत तसंच उचलत्यात. मग ते लंगडतं आन् कळपाच्या मागं राहतं. आमच्या घरात तसं उचललं की आई मारायची." शहरात आली ती या जिममध्ये झाडू-फडक्याच्या कामाला. तेव्हा तिथं एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई व्यायामाला यायच्या, हाडांच्या. त्यांनी हिचं बघणं बघितलं आणि हळूहळू शिकवलं. घरून चित्रांचं पुस्तक आणून दिलं. इंग्रजी हिला येत नव्हतं, पण चित्रातला प्रत्येक स्नायू तिला बोट ठेवून दाखवता यायचा. नाव नाही सांगायची. "हा," म्हणायची, "हा दुबळा हाय तुजा." बायकांना शिकवायला बाई मिळेना म्हणून मालकानं चारची बॅच तिला दिली. पगार झाडूचाच ठेवला, कामं दोन्ही.

दोन महिने झाले तरी माझा खांदा पाहिजे तसा सुटेना. व्यायाम केला की बरं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. एक दिवस ती काही न सांगता सकाळी दहाला खानावळीत येऊन उभी राहिली. "तुमी तुमचं काम करा," म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला टेकून बघत बसली. मी पीठ मळलं, गोळा घेतला, थापायला लागले. दहा-बारा भाकऱ्या झाल्यावर तिनं विचारलं, "वटा कुणी बांधला?"

"नवऱ्यानं. गेला तो. का?"

"ते उंच होते का?"

होता की. चांगला सहा फुटी. ओटा त्यानं आपल्या मापानं बांधून घेतला आणि मी बावीस वर्षं त्या उंच ओट्यावर खांदे कानाला लावून पीठ रगडत होते. हे मला कधी सुचलं नाही, डॉक्टरला सुचलं नाही, कुणालाच नाही. तिनं परसातून चार विटा आणल्या, देवघरातला जुना पाट मागून घेतला, विटांवर ठेवला आणि म्हणाली, "चढ." मी चढले. हात आपोआप खाली आला, कोपर अंगाजवळ आलं, तळव्याचा जोर सरळ पिठात जायला लागला.

"आता बघ खांदा कुठं हाय," ती म्हणाली. भाकरी खा म्हटलं तर थांबली नाही, मशीन पुसायची राहिलीत म्हणून गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांत फरक पडला. मग तिनं दुसरा प्रकार दिला. तार खालच्या चाकातून घ्यायची, मूठ पलीकडच्या मांडीपाशी धरायची, आणि हात बाजूला वर न्यायचा. अगदी बाजूला नाही, जरासा पुढं. खांद्याच्या उंचीपर्यंतच. "त्याच्या वर न्यायची आपल्याला गरज नाय," म्हणायची. "वर काय हाय? छत हाय." हे तिच्या तोंडून ऐकलेलं एकमेव विनोदी वाक्य.

एका सकाळी मी झोपेतून उठून सवयीनं केस हातात घेतले आणि वेणी घालून मोकळी झाले. शेपटाला गाठ मारताना लक्षात आलं. तशीच बसून रडले. सुनेनं विचारलं, "आई, दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही गं बाई, दुखत नाही म्हणून रडते." चार वाजता जाऊन तिला पाठ करून वेणी दाखवली. तिनं वेणीला हात लावला, बघितली, आणि वळून आधीच पुसलेलं मशीन पुन्हा पुसायला लागली. बराच वेळ पुसलं. मग म्हणाली, "चला, टॉवेल घ्या."

इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला पुढचं सांगायचंय, आणि इथून पुढं माझ्याबद्दल काही चांगलं वाटेल असं तुम्ही समजू नका.

मालकानं जिम नवी केली. आरसे आले, एसी आला, आणि पुण्याहून एक कोच आला. दंड असे की हात अंगाला टेकायचे नाहीत. भिंतीवर चौकटीत त्याचं सर्टिफिकेट लागलं. चारची बॅच त्याला दिली. आणि हिला सांगितलं, "तुम्ही आता साफसफाईचं बघा, ताई. मेंबर लोकांना प्रोफेशनल माणूस पाहिजे." तिनं फडकं घेतलं.

आम्ही बॅचच्या सात जणी होतो. सातही जणींना माहीत होतं कोणाची पाठ कोणी सरळ केली, कोणाचा गुडघा कोणी चालता केला. सातही गप्प बसलो. एसी गार लागत होता. कोच पिन तिसऱ्या-चौथ्या प्लेटेत घालायचा, "कम ऑन मावशी, एक और" म्हणायचा, आणि प्लेटा खणाखणा वाजायच्या. ती कोपऱ्यात आरसा पुसत असायची. प्लेट वाजली की तिचा हात क्षणभर थांबायचा. मी ते आरशात बघितलेलं आहे.

मग एक दिवस मालक खानावळीत आला. "मावशी, तुमचा हात आपल्या जिममध्ये बरा झाला. अख्ख्या छावणीला तुम्ही माहीत. तुमचा एक फोटो काढू. फ्लेक्स लावू चौकात. साडीत या, भारी दिसतं."

मी हुरळले. खोटं कशाला बोलू? आयुष्यात कुणी माझा फोटो चौकात लावतो म्हणालं नव्हतं. मोरपंखी साडी काढली, सुनेनं निऱ्या घालून दिल्या. वर गेले तर दिवे लावलेले, कॅमेरेवाला उभा. कोच माझ्या मागं उभा राहिला, त्यानं माझं कोपर धरलं. पिन कुठल्या प्लेटेत होती मी बघितलंही नाही. कॅमेरेवाला म्हणाला, "मावशी, जोर लावल्यासारखं दाखवा. हात अजून वर. अजून." मी दात-ओठ खाऊन हात वर नेला. समोरच्या आरशात मला ती दिसली, फडकं हातात धरून उभी. मी नजर कॅमेऱ्याकडं वळवली.

खाली उतरताना मालक म्हणाला, "कुणी विचारलं कोणी शिकवलं, तर कोचचं नाव घ्या हां. नवीन माणूस आहे, त्याचं नाव झालं पाहिजे."

मी म्हटलं, "बरं."

जिममधल्या पोरांचे डबे माझ्याकडून जायचे. मालकाला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं. पण डबे हे कारण मी नंतर शोधून काढलं. त्या क्षणी मी बरं म्हटलं कारण ते सोपं होतं.

चार दिवसांत फ्लेक्स लागला. माझ्या दुप्पट उंचीची मी, मागं कोच, आणि खाली लिहिलेलं की आमच्या तज्ज्ञ प्रशिक्षकाच्या हातून खांदेदुखी गायब. त्या फोटोनंतर माझा खांदा तीन दिवस ठणकत होता. मी कुणाला सांगितलं नाही.

ती दुपारी आली, गर्दी ओसरल्यावर. "जेवाया वाढा," म्हणाली. मी पिठलं, भाकरी, ठेचा वाढला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडं जेवायला बसली होती. निम्मी भाकरी झाल्यावर म्हणाली, "फोटो बघितला."

"हं."

"खांदा कानाला लागलाय तुमचा."

मी आमटीचं भांडं घासायला घेतलं.

"हात बी लई वर गेलाय. आन् प्लेट कितवी लावली त्यानं? त्यानं कोपर धरलं म्हून निघालं ते, नायतर निघालं नसतं. मावशी, तेवढं काढाय सांगा त्यास्नी. तुमाला बघून बाया तसंच करत्याल. लोकांचं हात जात्याल."

तुमच्या लक्षात येतंय का? तिचं शिकवायचं काम गेलं होतं, तिच्या मेहनतीवर दुसऱ्याचं नाव लागलं होतं, मी तिच्या डोळ्यांदेखत ते होऊ दिलं होतं, आणि ती त्यातलं एक अक्षर बोलत नव्हती. तिला खांद्याचं पडलं होतं. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी रडून माफी मागितली असती. ते तिनं केलं नाही, आणि मी चवताळले.

"फोटोत तू नाहीस म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," मी म्हटलं.

"नाय," ती म्हणाली. "खांद्याचं बोलतेय मी."

मग मी जे बोलले ते बोलले. मी म्हटलं, "मेंढरांमागं फिरणाऱ्यांनी मला शिकवायचं काम नाही. तुमच्यासारखे आमच्या वावरात मेंढरं बसवू द्या म्हणून माझ्या बापाच्या पाया पडायचे."

ते खरंसुद्धा नव्हतं. पाया कुणी पडत नव्हतं. माझा बापच दरवर्षी उन्हाळ्यात त्यांच्या पालावर जायचा, आमच्या वावरात मेंढ्या बसवा म्हणून विनवायला, कारण रात्रभर बसलेल्या मेंढ्यांच्या लेंडीखताशिवाय आमची ज्वारी उभी राहत नव्हती. त्याच ज्वारीवर मी वाढले. हे मला तेव्हाही माहीत होतं.

ती उठली नाही. राहिलेली निम्मी भाकरी खाल्ली, ताट पुसून घेतल्यासारखं स्वच्छ केलं. माझ्याकडं गिऱ्हाईक ताट धूत नाही. तिनं मोरीवर जाऊन धुतलं आणि पालथं घातलं. जाताना ओट्यापाशी थांबली. विटांवरचा पाट एका बाजूला सरकला होता. तिनं तो पायानं नीट बसवला.

"पाटावर हुबं राहत जावा," म्हणाली आणि गेली.

त्याच आठवड्यात तिनं जिम सोडली. मला हे कोचकडून कळलं, तेही "नवीन बाई नीट पुसत नाही" असं तो करवादत होता म्हणून.

माझा राग मग मालकावर निघाला. चारच्या बॅचला वर गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "माझा हात तिनं बरा केलाय. ह्या कोचनं नाही. फ्लेक्स उतरवा." मालक हसला. "मावशी, तिच्याकडं सर्टिफिकेट होतं का?"

"माझा खांदा काय सर्टिफिकेट वाचून बरा झाला?"

"टेन्शन नका घेऊ," म्हणाला, "पाणी प्या." उरलेल्या सहा जणी आरशात बघत होत्या. त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ओरडायचा हक्क मीच घालवून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून डबे बंद झाले. फ्लेक्स उतरला नाही. महिन्याभरानं कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याच्यावर चढल्या, तेव्हा माझा तो कानाला लागलेला खांदा झाकला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मी करमाडला गेले. बसमधून उतरून टपरीवर विचारलं, शहरात जिममध्ये शिकवायची ती मुलगी कुठं राहते. चहावाल्यानं लगेच वाट सांगितली. तिकडं सगळ्यांना ती शिकवणारी म्हणूनच माहीत होती, झाडूवाली म्हणून कुणालाच नाही. दोन कोस चालले. ऊन रणरणत होतं. वाटेत काय बोलायचं ते शंभरदा घोकलं. ती शिव्या देईल, द्याव्यात, मी मान खाली घालून ऐकेन, असं मनाशी पक्कं केलं होतं.

ती नव्हती. भावासोबत मेंढरं घेऊन सोयगावकडं गेली होती, पाऊस पडेस्तोवर परत येणार नव्हती. पत्र्याच्या घरापुढं तिची आई बसली होती. मी म्हटलं, मी छावणीतून आले. म्हातारीनं मला खालून वर बघितलं.

"खानावळवाल्या का तुमी?"

"व्हय," मी म्हटलं, आणि आता शिव्या येणार म्हणून उभी राहिले.

"या, सावलीत बसा. लई सांगायची तुमचं. म्हणायची, बाई चिडकी हाय, पर माझं समदं ऐकती. तिच्यावानी कुणीच हात चालवत नाय म्हणायची." म्हातारी उठून जवळ आली. माझा उजवा हात तिनं कोपराखाली तळवा घालून धरला आणि हळूहळू वर नेला. डोक्याच्या वर, सरळ आभाळाकडं. कुठंही अडला नाही. "गेला की," म्हणाली. "दुखत नाय?"

"नाही दुखत."

"मग झालं. आली की सांगते तिला. लई खूश होईल."

तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. ना फ्लेक्सचं, ना मी काय बोलले त्याचं. म्हातारीनं मला ताक दिलं, मी पिऊन आले. जे बोलायला दोन कोस चालत गेले होते ते त्या माऊलीपुढं माझ्या तोंडून निघालं नाही. आज तुम्हाला सांगितलं, पण तुम्हाला सांगून तिला काय उपयोग.